शेजवळांना विटांचा गेम आवडत नाही

भीमराज शेजवळांना विटांचा गेम आवडला नाही. गुन्हा म्हणाल तर एवढाच. त्यांनी कुणाच्या उसाला काडी लावली नव्हती, की गोदामातलं साखरेचं पोतं सायकलच्या कॅरिअरला बांधून नेलं नव्हतं. तसं काही केलं असतं तर चौकशी लागली असती आणि चार चहांत मिटलीही असती. पण सगळ्या कॉलनीला आवडलेली गोष्ट एकट्या माणसाला आवडू नये आणि ते त्याने तोंडावर सांगावं, याला कारखान्याच्या नियमावलीत शिक्षाच नव्हती. त्यामुळे ज्याने त्याने आपापल्या परीने ती द्यायला सुरुवात केली.

कारखाना कोपरगाव तालुक्यातला. नाव सांगत नाही, कारण या भागात साखर कारखान्याचं नाव घेतलं की आधी तुम्ही कुठल्या गटाचे ते विचारतात आणि मूळ गोष्ट राहून जाते. कारखान्याला कामगारांची कॉलनी होती, कॉलनीला मळीचा वास होता, आणि संध्याकाळी करण्यासारखं फारसं काही नव्हतं. अशा ठिकाणी पंच्याण्णवच्या दिवाळीत ऑफिस सुपरिंटेंडेंट शामकांत गर्गे पुण्याच्या मेव्हण्याकडून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घेऊन आले. आणला मुलासाठी, पण बाप उठेल तेव्हा पोराचा नंबर, आणि बाप काही उठत नव्हता.

त्या यंत्रात खेळ पुष्कळ होते म्हणे. कॉलनीने मात्र एकच धरला. वरून चार-चार विटांचे वेडेवाकडे तुकडे पडतात. ते फिरवून, सरकवून खाली नीट बसवायचे. आडवी ओळ गच्च भरली की ती नाहीशी होते आणि मार्क मिळतात. नाही जमलं तर ढीग चढत चढत वर टेकतो आणि खेळ खलास. बस, एवढंच. एवढ्यावर चांगली शिकलेली माणसं जेवायची विसरली. बरं, लाईट जाईल म्हणावं तर हंगामात कारखान्याची वीज घरची, त्यामुळे तीही आशा नव्हती.

गर्ग्यांच्या घरी एक रीतच पडून गेली. आलेल्याला आधी पाणी, मग चहा, आणि कप खाली ठेवला की हातात कंट्रोल. नको म्हणणं म्हणजे चहा न घेता उठण्यासारखं. पाहुण्याने खेळायचं, पटकन हरायचं. मग गर्गे म्हणायचे, ‘असू द्या, सुरुवातीला होतं असं.’ आणि स्वतः खेळून दाखवायचे. पाहुण्याने मान हलवायची, ‘वा’ म्हणायचं आणि ‘भारीच आहे हो गेम’ असं म्हणून चपला घालायच्या. यात काही अवघड नव्हतं. गुऱ्हाळावर जन्म काढलेले लोकसुद्धा हे सहज करून गेले.

भीमराज शेजवळ कारखान्याच्या बांधकाम विभागात ओव्हरसिअर होते. ते गर्ग्यांकडे गेम खेळायला गेलेच नव्हते, ते गेले होते क्वार्टरसाठी. शेजवळांचं क्वार्टर सी टाईप, म्हणजे एक खोली आणि एक स्वयंपाकघर. खोलीत त्यांच्या पत्नी यशोधराबाईंचं शिलाई मशीन आणि आई चांगुणाबाईंची खाट. चांगुणाबाई दिवसभर बोलायच्या आणि झोपेतही त्यात खंड पडू द्यायच्या नाहीत. स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर वही ठेवून मुलगी अभ्यास करायची. दीपा दहावीला होती, हुशार होती, आणि सहामाहीला गणितात घसरली होती. भीमराजांनी जाब विचारला तेव्हा ती चिडली नाही, रडली नाही. नुसतं म्हणाली, ‘बाबा, बसू कुठे?’ भीमराजांनी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या. हा प्रश्न त्यांना फार लागला.

बी टाईपमधलं चौदा नंबर तेव्हाच रिकामं झालं होतं. आत दोन खोल्या, मागे पडवी. सेवाज्येष्ठतेने ते शेजवळांकडेच यायला हवं होतं. पण वाटप करायला समिती होती, समितीचे सचिव गर्गे होते, आणि स्टोअरकीपर छगन वाबळेंनीही अर्ज टाकला होता. वाबळेंचं कारण मोटारसायकल उन्हात राहते हे होतं. कारण फुसकं असलं तरी वाबळे रोज संध्याकाळी गर्ग्यांच्या शेजारी बसून प्रत्येक विटेला ‘क्या बात है’ म्हणायचे, हे वजनदार होतं.

तर शेजवळ गेले. पाणी झालं, चहा झाला, कंट्रोल हातात आला. बघता बघता विटांचा ढीग वर टेकला. गर्गे म्हणाले, असू द्या. मग त्यांनी खेळून दाखवलं आणि मोठ्या प्रेमाने विचारलं, ‘काय शेजवळ, आवडला की नाही? तुमचंच खातं आहे, विटांचं.’

‘नाही साहेब,’ भीमराज म्हणाले.

खोलीतल्या सगळ्यांनी टीव्ही सोडून त्यांच्याकडे बघितलं. आता इथे एखादा माणूस सावरून घेतो. पण ओव्हरसिअर माणसाची जीभच तशी घडलेली असते. भिंत ओळंब्यात आहे का विचारलं तर आहे नाही तर नाही, ठेकेदाराला वाईट वाटेल म्हणून भिंत सरळ होत नाही. गर्ग्यांनी ‘का?’ म्हणून विचारलं, आणि भीमराजांना वाटलं की त्यांना खरोखरच कारण हवं आहे. मग त्यांनी नीट समजावून दिलं. सांध्यावर सांधा येतोय, अशी भिंत तडकणार. माल नाही, पाणी मारणं नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, थर पूर्ण झाला की तो गायब. ‘साहेब, मी बांधलेली एक भिंत अशी नाहीशी झाली असती तर मला सस्पेंड केलं असतं. इथे त्याचे मार्क देतात.’ गर्ग्यांच्या पत्नी सुचित्राबाई दुसरा चहा घेऊन येत होत्या, त्या दारातूनच परत फिरल्या. क्वार्टरचा विषय निघालाच नाही.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुटायच्या आत कॉलनीभर झालं. कारखान्याचे डॉक्टर वाटेत थांबवून डोळे तपासून घ्या म्हणाले. काहींना रंग कळत नाहीत, त्यात लाजण्यासारखं काही नाही. चीफ केमिस्टचं मत पडलं की पित्त वाढलं असावं. वजनकाट्यावरच्या क्लार्कने खाजगीत विचारलं की हा युनियनचा काही डाव आहे का. जो भेटेल तो शेवटी एकच सांगायचा, की अहो विटाच तर आहेत, तुम्हाला तर आवडायलाच पाहिजे. हे ऐकून ऐकून भीमराजांचे कान पिकले. केमिस्टने घरी जाऊन साखर खेळावी असं त्यांनी कधी म्हटलं नव्हतं.

घरातही आधार नव्हता. चांगुणाबाई दुपारची भाकरी झाली की गर्ग्यांकडे जाऊन गेम बघत बसायच्या आणि घरी येऊन कोणती वीट कशी पडली ते सगळं सांगायच्या. ‘आरं भीमा, लई झ्याक हाय त्यो. तुला कसा रं आवडत न्हाई?’ असं त्या जेवताना विचारायच्या, आणि उत्तराची वाट न बघता विटांकडे वळायच्या. यशोधराबाईंचं म्हणणं वेगळं होतं. त्यांनाही गेम आवडत नव्हता, पण त्यांनी तो आवडतो असं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं आणि विषय संपवला होता. ‘लोकांच्या लग्नातला मठ्ठा चांगला झालाय म्हणता ना? मग हेही म्हणा. पोरगी डब्यावर लिहितेय,’ त्या म्हणाल्या आणि मशीन चालू केलं. त्या मशीनच्या आवाजापुढे वाद घालता येत नसे.

शेवटी भीमराजांनी ठरवलं, आवडून घ्यायचा. मनापासून आवडत नसेल तर सवयीने. माणसाला कारल्याची भाजीसुद्धा आवडायला लागते. त्यांनी कोपरगावच्या स्टँडसमोरून सेलवर चालणारा, हातात मावेल असा तोच गेम आणला आणि सिमेंटच्या गोदामात पोत्यांमागे बसून सराव सुरू केला. सराव होत होता, आवड काही लागत नव्हती. प्रत्येक ओळ नाहीशी झाली की ते हळहळायचे.

गोदामात रोज दुपारी साहेब काय करतात हे बघायला एकदा राधाकृष्ण गवंडी आला. तो आला आणि तिथेच बसला. त्याला बघायला दुसरा आला. चार दिवसांत अशी परिस्थिती आली की ऊस टाकायच्या गव्हाणीजवळच्या नव्या शेडची भिंत कंबरेएवढी होऊन थांबली, कालवलेला माल घमेल्यात सुकला, आणि सगळी गवंड्यांची टोळी पोत्यांवर बसून आळीपाळीने विटा रचत होती. आणि तिथे रचलेल्या विटा, वर सांगितल्याप्रमाणे, राहत नव्हत्या. भीमराज ओरडले, पण आपलाच गेम मागायला गेलेल्या माणसाच्या ओरडण्यात जोर नसतो. त्यातून राधाकृष्ण खेळायला इतका वाईट होता की त्याची पाळी पटकन संपायची, म्हणून तो सारखी नवी मागायचा.

मग मेमो आला. कामाच्या वेळेत गोदामात खेळ खेळल्याबद्दल कारणे दाखवा, खाली शामकांत गर्ग्यांची सही. भीमराजांनी तो चार वेळा वाचला आणि त्यातला फास त्यांच्या लक्षात आला. गेम आवडत नाही असं लिहावं, तर मग कामाच्या वेळेत खेळत का होतात? आवडतो असं लिहावं, तर स्वतःच्या सहीने खोटं. यशोधराबाईंना यात फास वगैरे काही दिसला नाही. त्यांनी पुढ्यात कागद ठेवला आणि सांगितलं, लिहा: सदर खेळाची गोडी लागल्याने भान राहिले नाही, क्षमस्व. भीमराजांनी लिहिलं. वीस वर्षांच्या नोकरीत चुकीचं माप कधी लिहिलं नव्हतं, ते त्या दिवशी लिहिलं. सही करताना त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि पलीकडे दीपाची मान डब्यावर वाकलेली दिसली म्हणून त्यांनी सही पूर्ण केली.

गर्गे खूष झाले. मेमो मागे घेतला, आणि ते उत्तर आल्यागेल्याला वाचून दाखवू लागले. ‘गोडी’ या शब्दावर जरा थांबून. शेजवळ सुधारले म्हणून कॉलनीलाही समाधान वाटलं. डॉक्टर म्हणाले, बघा, डोळ्यांचंच होतं.

या आनंदात गर्ग्यांनी सव्वीस जानेवारीच्या स्पर्धांत रस्सीखेच आणि संगीत खुर्चीच्या जोडीला विटांच्या गेमचीही स्पर्धा ठेवली. नुसती स्पर्धा नव्हे, फिरत्या ढालीसारखी. जो जिंकेल त्याच्या घरी ते यंत्र वर्षभर राहील, असा नियम त्यांनी स्वतः नोटीस बोर्डावर लावला. यात औदार्य होतं, पण धोका नव्हता; जिंकणार कोण हे बोर्डालाही माहीत होतं. आणि अंतिम सामन्याला खास आकर्षण म्हणून त्यांनी समोर भीमराजांना घेतलं. ऑफिस विरुद्ध बांधकाम विभाग. क्वार्टर समितीची बैठक लगेच दुसऱ्या दिवशी होती.

पुन्हा सल्ल्यांना ऊत आला. हरायचं, यावर कॉलनीत एकमत होतं. मतभेद होता तो कसं हरायचं यावर. फार लवकर हरलात तर गेमचा अपमान, म्हणजे पुन्हा पहिल्यासारखं. फार लांबवलंत तर साहेबांचा जीव वरखाली. मधल्या मापाने हरा, असं खुद्द वाबळेंनी सांगितलं, आणि त्यात त्यांचा स्वार्थ असला तरी सल्ला चुकीचा नव्हता.

करमणूक हॉल भरला. पहिली पाळी गर्ग्यांची. ते फाईल निकाली काढावी तशी एकेक ओळ भरत आणि घालवत गेले. कुठे घाई नाही, कुठे खाडाखोड नाही. चांगले मार्क झाले, टाळ्या पडल्या, आणि कंट्रोल भीमराजांच्या हातात आला.

आता भीमराजांनी जे केलं ते फक्त ओव्हरसिअरच करू शकतो. ओळ पूर्ण होऊ द्यायची नाही म्हणजे मार्क वाढायचे नाहीत; पण काम तर मनापासून चाललेलं दिसलं पाहिजे. म्हणून त्यांनी उजव्या कडेला एका विटेच्या रुंदीची फट सोडली, दाराच्या चौकटीला सोडतात तशी, आणि उरलेल्या जागेत भिंत बांधायला घेतली. सुरेख भिंत. एकही भोक नाही, थर सपाट. एका बाजूला दार उघडं, त्यामुळे एकही थर नाहीसा होत नव्हता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी रचलेलं काहीतरी पडद्यावर उभं राहिलं होतं, आणि माणूस आहे, त्यांना थोडं बरंही वाटलं. भिंत टेकायला आली की हरलो, असा हिशोब होता.

तेवढ्यात वरून लांबटा आला. चार विटा एकाखाली एक, सरळ. तो डावीकडे नेऊन भिंतीवर आडवा टाकला असता तर सगळं ठरल्यासारखं झालं असतं. पण ओळंब्यातल्या भिंतीवर असला अर्धवट थर टाकायला त्यांचा हातच धजेना. ते घुटमळले, आणि घुटमळता घुटमळता उजवीकडे सरकलेला लांबटा सरळ दारात उतरला. चार थर एकदम पूर्ण झाले, पडदा लखलखला, आणि चारही एकदम नाहीसे झाले.

चार ओळी एकदम गेल्या तर कित्येक पट मार्क मिळतात, हे कॉलनीत तोवर कुणाला ठाऊकच नव्हतं. इतका वेळ फट उघडी ठेवायची कुणाची छाती झाली नव्हती. हॉल उठून उभा राहिला. भीमराज घाबरले. आता नुकसान भरून काढायचं म्हणून त्यांनी पुन्हा दार सोडलं, पुन्हा भिंत चढवली, आणि पुन्हा लांबटा आला तो हात न धजल्याने दारातच गेला. जितकं हरायला जावं तितके मार्क चढत गेले. वाबळेंना सगळ्याचा विसर पडला आणि ते ‘शेजवळसाहेब, क्या बात है’ म्हणून खुर्चीवर चढले. गर्ग्यांचे मार्क मागे पडले तेव्हा यशोधराबाईंनी कपाळाला हात लावला. चांगुणाबाई तेवढ्या शेजारणीला सांगत होत्या, ‘माजा ल्योक हाय त्यो.’ गर्ग्यांनी यंत्र स्वतःच्या हाताने भीमराजांच्या हवाली केलं, अभिनंदन म्हणाले, आणि घरी निघून गेले. त्यांचा चेहरा बघून भीमराजांना फार वाईट वाटलं. जिंकल्याबद्दल माफी मागायची कशी हे त्यांना कळेना.

क्वार्टर गेलं, असं धरून शेजवळ कुटुंब त्या रात्री जेवलं. दुसऱ्या दिवशी बैठकीत चौदा नंबर शेजवळांना मंजूर झालं. सेवाज्येष्ठतेमुळे नाही आणि दीपाच्या दहावीमुळे तर नाहीच. मंजुरीत स्पष्ट म्हटलं होतं: विजेत्याचे विद्यमान निवासस्थान सी टाईप असल्याने करमणूक साधनास व प्रेक्षकांस जागा अपुरी पडते, सबब बी टाईप देण्यात यावे. वाबळेंनीच सूचना मांडली होती. त्यांना मोटारसायकलपेक्षा बसायला ऐसपैस जागा महत्त्वाची वाटली.

त्यामुळे दोन खोल्या आल्या आणि पाठोपाठ कॉलनी आली. पुढच्या खोलीत खेळणारे, आतल्या खोलीत नंबर लावून बसलेले, पडवीत हरून चर्चा करणारे. चांगुणाबाईंची बुद्धवंदना होईपर्यंत सगळे हात जोडून थांबायचे आणि शेवटच्या शब्दाला कंट्रोलवर तुटून पडायचे. पाणी, चहा, कंट्रोल ही रीत आता शेजवळांकडे चालू झाली. यशोधराबाईंचं शिलाई मशीन बंद पडलं, कारण त्यावर टीव्ही ठेवला होता. आणि दीपा पुन्हा स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशी जाऊन बसली. स्वयंपाकघर जरा मोठं होतं, एवढाच फरक.

आठवड्याभराने एका संध्याकाळी ती तिथेही दिसेना. भीमराज शोधत निघाले, आणि गर्ग्यांच्या खिडकीतून त्यांना ती दिसली. टेबल, खुर्ची, ट्यूबलाईट, आणि चौफेर शांतता. सुचित्राबाईंनीच तिला बोलावून नेलं होतं. आमच्याकडे आता काळं कुत्रं फिरकत नाही, ये बस, म्हणाल्या होत्या. समोर गर्गे बसून भूमितीचं प्रमेय समजावत होते. संध्याकाळी त्यांना दुसरं काही काम उरलं नव्हतं, आणि तरुणपणी ते गणिताच्या शिकवण्या घेत असत, हे कॉलनी विसरूनच गेली होती.

भीमराजांना बघून गर्गे बाहेर ओट्यावर आले. अंगाने जरा उतरले होते. यंत्र बरं चालतंय ना, असं त्यांनी विचारलं. बरं चालतंय, भीमराज म्हणाले. मग गर्गे आवाज खाली आणून बोलले, ‘शेजवळ, तुम्हाला तो गेम आवडत नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ते गोडी वगैरे सगळं घरून सांगितलेलं. वर्षभराचा नियम मी केलाय, मी बदलू शकतो. आवडत नाही एवढं फक्त म्हणा, उद्या सकाळी माणूस पाठवून मशीन घेऊन जातो. तुमचीही सुटका होईल आणि माझीही.’

म्हणजे इतके महिने जे एक वाक्य बोलल्याबद्दल त्यांची कॉलनीभर धिंड निघाली, तेच वाक्य आता कुणीतरी हात जोडून मागत होतं. खरं बोलायचं, बस. यंत्र जाणार, लोक जाणार, घर रिकामं होणार. आणि सगळा गोंधळ पुन्हा गर्ग्यांच्या या खोलीत येणार, गर्गे त्या कंट्रोलला चिकटणार, आणि दीपाचं प्रमेय अर्धं राहणार. भीमराजांनी खिडकीतून आत बघितलं. दीपा खाली मान घालून लिहीत होती. बाप येऊन उभा राहिलाय हे तिच्या गावीही नव्हतं, आणि असं त्यांनी तिला कधी बघितलं नव्हतं.

‘नाही साहेब,’ भीमराज म्हणाले, ‘मला तो फार आवडतो.’

गर्गे बरं म्हणाले आणि प्रमेय पुरं करायला आत गेले.

तेव्हापासून दहावीचा शेवटचा पेपर होईपर्यंत रोज संध्याकाळी पहिला डाव भीमराज शेजवळ स्वतः खेळले. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असे, दारासमोर बसून.